धुतलेल्या पायऱ्यांची सकाळ

व्यक्ती : उबेर्लिंदा कार्रास्को, विधवा. राहणार : लोइका टेकडी, वालपाराइसो, लिफ्टच्या वरच्या टोकाला उजवीकडचा जिना, पत्र्याचं निळं घर, निळा रंग अपुरा पडल्यामुळे मागून हिरवं. व्यवसाय : गृहिणी. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर पीठ. गुन्ह्यांची नोंद : नाही. मालमत्ता : राहतं घर, एक लाकडी काथवट, लिंबाचं एक झाड (विवादित). टेकडीवरील घडामोडींशी संबंध : उक्त महिलेचा कोणत्याही घडामोडीशी थेट संबंध आढळून आलेला नाही, तथापि तिच्या दारावरून गेल्याशिवाय एखादी घडामोड पूर्ण झाल्याचंही आढळून आलेलं नाही.

असं कुणी कधी लिहून ठेवलं नाही. ठेवलं असतं तर उबेर्लिंदाने एवढीच दुरुस्ती केली असती की लिंबाच्या झाडाबद्दल काहीही वाद नव्हता, तो फक्त शेजारच्या फ्रेसियाच्या डोक्यात होता.

न्याहारी आटोपली की ती हातात वाटी घेऊन बाहेर पडायची. साखर मागायला निघालेली ती वाटी म्हणजे तिचा परवाना. दिवसभर ती वाटी जिन्याने वर-खाली फिरायची आणि बहुतेक वेळा रिकामीच परत यायची. बाई मात्र भरून यायची. कुणाचा मुलगा जहाजावर लागला, कुणाची सून माहेरी गेली ती नेमकी किती सामान घेऊन गेली, मास्तर अनाक्लेतोंनी एकट्याने राहून दोन बशा का विकत घेतल्या, हे सगळं संध्याकाळच्या चहापाण्यापर्यंत घरोघर पोचलेलं असे. लोक तिला नावं ठेवत आणि ती एखाद्या दिवशी आली नाही तर चहाला चव नाही म्हणत.

त्या काळी टेकडीवरच्या कुत्र्यांना मालक नसत, घरं असत. एकेका कुत्र्याला पाच-सहा. उबेर्लिंदाच्या जिन्यावर एक उंच, पिवळट, छातीने रुंद आणि स्वभावाने भिडस्त कुत्रा होता. उबेर्लिंदा त्याला अल्मिरान्ते म्हणायची, कारण तिच्या दृष्टीने तो आरमाराचा प्रमुख शोभला असता. फ्रेसियाकडे तो ओसो होता, म्हणजे अस्वल. खाटीक डॉन एलेओदोरो (तिकडे ‘डॉन’ म्हणजे आपला ‘राव’, बाईला ‘डोन्या’) त्याला सोसियो म्हणजे भागीदार म्हणत, आणि मास्तरांकडे गेल्यावर तो सोक्रातेस, म्हणजे तत्त्वज्ञ सॉक्रेटिस, होई. कुत्रा सगळ्या नावांना ओ द्यायचा, फक्त हाक मारणाऱ्याच्या हाताकडे आधी बघून घ्यायचा. खाली सपाटीवर बाजारात जायचं असलं की तो लिफ्टपाशी रांगेत उभा राहायचा. लिफ्ट म्हणजे रुळांवरून तिरपा चढणारा लाकडी डबा. डबा आला की कुत्रा आत जाऊन कोपऱ्यात बसायचा आणि खाली पोचल्यावर सगळ्यांच्या शेवटी उतरायचा. टेकडीवरच्या बऱ्याच माणसांपेक्षा त्याची रीत बरी होती.

प्रत्येक घराची मनातून खात्री होती की हा कुत्रा खरा आपलाच. बाकीच्यांकडे तो केवळ शिष्टाचार म्हणून जातो.

सप्टेंबरच्या अठरा तारखेला देशाचं स्वातंत्र्य साजरं होई, आणि टेकडीवर ते मुख्यतः खाऊन साजरं होई. आकाशात पतंग, अंगणात निखारे. डॉन एलेओदोरो डुकराच्या मांसाची मोठी वळकटी करत, मसाला लावून, पांढऱ्या सुती दोऱ्याने करकचून बांधून, चरबीत शिजवून. ती प्रत्येक घरात जायची. पण मान खरा एम्पनाड्यांचा. कांदा-खिम्याचं सारण, आत अंड्याची फोड आणि एक ऑलिव्ह, वरून भट्टीत खरपूस भाजलेलं पीठ. तळहातात न मावणारी करंजीच म्हणा. उबेर्लिंदा आपल्या काथवटीत पीठ मळायची तेव्हा दार लावून घ्यायची. तिच्या एम्पनाडा टेकडीवर पहिल्या नंबरच्या होत्या. फ्रेसियाच्या दुसऱ्या. फ्रेसियाला हा क्रम मान्य नव्हता.

अन्नाच्या अब्रूवरून टेकडी फार हळवी होती. खूप पूर्वी एकोणीस तारखेच्या सकाळी एका बाईच्या उंबऱ्यावर मांजर ओकलं होतं. मांजर दुपारपर्यंत ठणठणीत झालं, पण बाईला ‘मांजरवाली’ हे नाव चिकटलं ते ती दुसऱ्या गावी राहायला गेली तरी सुटलं नाही. ती बातमी टेकडीभर कुणी नेली होती हे सांगायला नको.

त्यामुळे त्या वर्षी वीस तारखेला सकाळी उबेर्लिंदाने दार उघडलं आणि उंबऱ्याशी पिवळा फेस पाहिला, तेव्हा तिने पहिल्यांदा कुत्र्याकडे पाहिलं नाही, फ्रेसियाच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. ती बादली घेऊन आली आणि पायरी धुऊन टाकली.

कुत्रा बाजूला मान खाली घालून उभा होता, जणू काचेचं भांडं त्याच्याच हातून फुटलं होतं.

“काय रे अल्मिरान्ते, गवत खाल्लंस वाटतं?” ती पुटपुटली. गवत खाऊन कुत्री ओकतात हे सगळ्यांना माहीत असतं. पोटभर खाऊन एकदा ओकला, मग पाणी प्यायला, उन्हात पसरला, संध्याकाळी पुन्हा भूक लागली, तर ती काही बातमी नव्हे. तरी तिच्या मनात कांदा आलाच. परवा तिने त्याला आपल्या हाताने दीड एम्पनाडा घातली होती, आणि सारणात कांदा सढळ होता.

तिने बोल्दोच्या पानांचा काढा कोमट करून दिला. माणसांना लागू पडतो, कुत्र्यालाही पडेल. कुत्रा भिडस्तपणे प्यायला आणि थोड्याच वेळात त्याने तो तसाच्या तसा परत केला. उबेर्लिंदाने ही दुसरी वेळ धरली नाही. पाणीच तर होतं. पायरी तिने पुन्हा धुतली, वाटी उचलली आणि रोजच्या फेरीला निघाली.

जिना उतरताना तिच्या चपला चपचप वाजायला लागल्या.

ती थांबली. फ्रेसियाची पायरी ओली होती. खालच्या वळणावर मास्तरांची पायरी ओली होती, आणि वर राख टाकलेली. त्याच्याही खाली खाटकाच्या दुकानासमोर लाकडाचा भुसा नुकताच पसरलेला होता, आणि दुकान तर सुट्टीमुळे बंद. पाऊस आठवडाभर नव्हता. सणानंतरच्या सकाळी, जेव्हा अख्खी टेकडी डोकं धरून अंथरुणात पडलेली असते, तेव्हा सगळ्यांना एकदम स्वच्छतेची आठवण झाली होती.

बातम्यांचा धंदा करणाऱ्या बाईला याहून जास्त काय हवं?

“फ्रेसिया, पायऱ्या धुतल्यास?”

“नाही गं बाई. जिरेनियमला पाणी घातलं, ते ओघळलं.” फ्रेसियाच्या जिरेनियमच्या कुंडीतली माती पापडासारखी कोरडी होती. “आणि तू?”

“मीही झाडालाच घातलं. लिंबाला.”

“कुणाच्या लिंबाला?” फ्रेसियाने सवयीने विचारलं, पण तिचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं.

मास्तरांनी सांगितलं की राख मुंग्यांसाठी आहे. डॉन एलेओदोरो दारात उभे राहून म्हणाले, “भुसा आहे, डोन्या उबेर्लिंदा. खाटकाच्या दारात भुसा नाही तर काय गुलाब असणार?”

“सणाच्या सुट्टीत?”

“भुशाला सुट्टी नसते.”

एरवी अशा उत्तरांवर तिने दिवस काढला असता. पण परत चढताना वळणावरच्या भिंतीशी तिला कुत्रा दिसला, आणि ती वाटी तिथेच ठेवून खाली बसली. कुत्र्याने पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली होती आणि मागचा भाग वर उचलून धरला होता. दोन पोरं त्याच्यासमोर चेंडू नाचवत होती. त्यांना वाटलं तो खेळायला बोलावतोय. तो खेळायला बोलावत नव्हता. दर थोड्या वेळाने त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात, मान पुढे ताणली जाई, आवाज येई, आणि बाहेर काही येत नसे. नुसती लाळेची तार. पोटाला हात लावला तर ते ढोलकीच्या पुडीसारखं ताठ, आणि आयुष्यात कुणावर न गुरगुरलेला तो कुत्रा कण्हून दूर सरकला. तिने त्याचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असायच्या त्या तिच्या पिठासारख्या पांढुरक्या झाल्या होत्या.

उबेर्लिंदाला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. पण पायऱ्यांतलं कळत होतं. तिच्या दारात एक उलटी झाली, ती किरकोळ. फ्रेसियाच्या दारात एक, तीही किरकोळ. मास्तरांच्या, खाटकाच्या, त्याही किरकोळ. प्रत्येक घराने आपापली किरकोळ उलटी धुऊन टाकली होती. कुत्रा मात्र एकच होता.

हे कुणी कबूल करणार नव्हतं. ‘मांजरवाली’ सगळ्यांना आठवत होती. उबेर्लिंदाने वर पाहिलं, खाली पाहिलं. जन्मभर तिने लोकांच्या गोष्टी या जिन्यावरून वाहून नेल्या होत्या. स्वतःची एकही नव्हती नेली. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बंदरातल्या बोटीच्या भोंग्याला लाजवील अशा आवाजात बोलली :

“ऐका हो सगळे! आज सकाळी कुत्रा माझ्या दारात ओकला! माझी एम्पनाडा खाऊन! मी पायरी धुतली! पाणी दिलं तेही ओकला, तीही पायरी मी धुतली! आता बोला!”

खिडक्या उघडल्या. फ्रेसियाच्या तोंडावर क्षणभर जे समाधान पसरलं ते उबेर्लिंदाने पाहिलं आणि गिळलं. त्या समाधानासाठी फ्रेसियाने वीस वर्षं वाट पाहिली होती. पण तिची नजर भिंतीशी वाकलेल्या कुत्र्याकडे गेली आणि ते समाधान तिच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही.

“माझ्याकडे काल चहाच्या वेळी,” फ्रेसिया म्हणाली. “आणि आज पहाटे. मी तांदळाची पेज दिली. तीही राहिली नाही.”

“माझ्याकडे एकदा,” मास्तर म्हणाले. “म्हणजे, खरं तर दोनदा. मी चमचाभर तेल पाजलं.”

डॉन एलेओदोरो सगळ्यात शेवटी बोलले. त्यांनी टोपी काढली होती. “काल संध्याकाळी मी त्याच्यापुढे कलेजी ठेवली. ताजी. त्याने तोंड फिरवलं.”

जिन्यावरची माणसं दोन-दोन पायऱ्या खाली उतरली.

“सोसियोने कलेजी सोडली?” कुणीतरी हळूच म्हणालं.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“माझं मांस शिळं आहे असं झालं असतं!”

मास्तरांचं मत पडलं की उद्यापर्यंत वाट पाहावी, निसर्ग आपली व्यवस्था स्वतः करतो. उबेर्लिंदा म्हणाली, “निसर्गाची व्यवस्था कालपासून चालू आहे मास्तर, आणि तिच्यात तुमचं तेल आहे, हिची पेज आहे, माझा काढा आहे. एका कुत्र्याच्या पोटात तीन घरांचा दवाखाना! आता खऱ्या दवाखान्यात चला.”

ती घरात गेली आणि काथवट घेऊन आली.

ते बघून फ्रेसियाने तिचा दंड धरला. “वेडी झालीस? त्यात पीठ मळतेस तू. लोक काय म्हणतील? पुढच्या अठराला कोण खाईल?”

“उचल ती बाजू,” उबेर्लिंदा म्हणाली.

काथवटीत घोंगडी, घोंगडीवर कुत्रा, एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला फ्रेसिया, पुढे मास्तर वाट मोकळी करत, जिथे वाट अडवायला कुणी नव्हतंच. लिफ्टवाल्याने घंटा वाजायच्या आधीच डबा सोडला. कुत्रा पहिल्यांदाच कोपरा सोडून मधोमध होता. डबा खाली उतरत होता. रुळांचा कुरकुर आवाज, खाली बंदर, आणि उबेर्लिंदाचा हात त्या बरगड्यांवर. अजून वर-खाली होताहेत एवढंच ती बघत होती.

सपाटीवर जनावरांच्या डॉक्टरीणबाई ब्रिसेन्यो यांचा दवाखाना सुट्टीमुळे बंद होता, पण त्या वरच्याच मजल्यावर राहत. तोंड पुसत खाली आल्या. कुत्र्याचं पोट चाचपलं, हिरड्या दाबून पाहिल्या, जीभ उचलून खाली बघितलं, आणि विचारलं, “कधीपासून?”

टेकडीवरची माणसं उबेर्लिंदाकडे बघायला लागली. आणि तिने सांगितलं. काल चहाला कुठे, पहाटे कुठे, कोणत्या घरी काय दिलं, त्यातलं काय परत आलं, कलेजी कुणी ठेवली आणि तोंड कसं फिरवलं, केव्हापासून नुसतीच ओकारी येते आणि बाहेर काही पडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती काही न वाढवता बोलली.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “पोटात काहीतरी अडकलंय. एकदा ओकून खेळायला गेला असता तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. पण पाणी पोटात ठरत नाही, आवडीचं खात नाही, पोट दुखतंय म्हणून असा वाकून उभा राहतोय. असं दिसलं की काढे द्यायचे नाहीत, तेल तर नाहीच, इथे आणायचं. उद्यापर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. अजूनही सोपं नाहीये. पोट उघडावं लागेल. मालक कोण?”

वर जिन्यावर या प्रश्नाला पाच-सहा उत्तरं होती. इथे एकही येईना. तो जगला नाही तर तो कुणाचा होता, असा अर्थ त्या प्रश्नाला आता आला होता.

“हा आम्हा सर्वांचा सामुदायिक...” मास्तरांनी सुरुवात केली.

“मला एक माणूस हवाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आत काही झालं तर कुणाला विचारू?”

“मला,” उबेर्लिंदा म्हणाली. “उघडा पोट.”

मग सगळे बाहेर फुटपाथवर बसले. तो वेळ पुढे टेकडीवर वर्षानुवर्षं सांगितला गेला, आणि सांगताना प्रत्येक जण हसायचा. पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. फ्रेसियाने कुठूनतरी पाव आणला आणि उबेर्लिंदाला अर्धा मोडून दिला. रिकामी काथवट दोघींच्या मध्ये होती. फ्रेसिया तिच्याकडे बघून म्हणाली, “कांदा जरा जास्तच घालतेस तू. खरं सांगते.”

“तू कमी घालतेस.”

“असेल.”

एवढी तडजोड त्या दोघींत आधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही. समोरच्या गल्लीतून वर बघितलं की टेकडीवरचे पतंग दिसत होते. ती सगळी माणसं एका कुत्र्यासाठी, सणाच्या कपड्यांत, फुटपाथवर ओळीने बसली होती, आणि कुणालाही दुसरीकडे जायची घाई नव्हती. अशी दुपार पुन्हा येत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. कुणाला कळतं?

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चिनी मातीची बशी होती. बशीत लांबच लांब, गुंतलेला, पांढरा सुती दोरा.

“हा होता. आतड्यात गोळा झाला होता. कुत्रा श्वास घेतोय. आजची रात्र गेली की सांगता येईल, पण मला वाटतं जाईल.”

उबेर्लिंदा खाली बसली. ती आधीच खाली बसलेली होती, तरीही आणखी बसली.

मग सगळ्यांनी दोऱ्याकडे पाहिलं आणि दोऱ्यावरून डॉन एलेओदोरोंकडे.

“माझ्याकडे काय बघता? मी बांधतो, खाऊ घालत नाही! प्रत्येकाच्या घरी गेली होती वळकटी. चरबीत मुरलेला दोरा कुणी तरी उघड्यावर टाकला, ह्याने गिळला. कुणी टाकला ते शोधा!”

शोध कुणी लावायचा हे ठरलेलंच होतं. सगळे पुन्हा उबेर्लिंदाकडे वळले. तिला परवाची दुपार आठवली : तिने सुरीने दोरा कापला होता, तो जमिनीवर पडला होता, तेवढ्यात भट्टीतून करपल्याचा वास आला होता. नंतर जमीन झाडली तेव्हा तिथे दोरा होता की नव्हता? तिने बराच विचार केला.

“तो कुणाच्याही घरचा असेल,” ती म्हणाली. तिने अर्ध्यावर सोडलेला हा एकमेव तपास.

कुत्रा वाचला. दवाखान्यात आठवडाभर राहिला; रोज कुणी ना कुणी लिफ्टने खाली जाई, आणि जाणारा दुसऱ्याला सांगत नसे, त्यामुळे बरेचदा तिथे पिंजऱ्यापुढे चौघं भेटत. पुढच्या वर्षीपासून खाटकाने दोरा सोडवूनच वळकटी द्यायला सुरुवात केली. उबेर्लिंदाने काथवट उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात ठेवली, आणि पुढच्या अठराला त्याच काथवटीत पीठ मळलं. एम्पनाडा पहिल्या दिवशीच संपल्या. फ्रेसियानेही घेतली, दुसऱ्या कुणासाठी म्हणून.

आता ती लिफ्ट बंद आहे. डबा वरच्या टोकाला कुजत उभा आहे. टेकडीवर कुत्री आहेत, पण गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर नाव असलेली, एका घराची, एका नावाची. आजारी पडली तर त्यांच्या घरच्यांना लगेच कळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. जिने मात्र कोरडे असतात, आणि कुणी कुणाला विचारत नाही.

कुत्रा परत आला त्या दिवशी मात्र लिफ्टपाशी सगळी टेकडी जमली होती. डॉक्टरीणबाईंनी सोबत कागद पाठवला होता. त्यावर लिहिलं होतं की सदर प्राण्याची मालक म्हणून उबेर्लिंदा कार्रास्को यांची नोंद झाली असून, टाके निघेपर्यंत प्राणी मालकाच्याच निवासस्थानी, मालकाच्याच देखरेखीखाली राहील. मास्तरांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. उबेर्लिंदाने घोंगडी अंथरून ठेवली होती आणि साधा भात शिजवून ठेवला होता.

कुत्रा तिच्या दारावरून खाली गेला आणि खाटकाच्या पायरीवर झोपला.